बुवाचा कूलर

भैयाजीनं बनवलेला कूलर ज्याच्या घरी बसला त्याला मे महिना कळत नाही, अशी भद्रावतीत ख्याती होती. ही ख्याती पसरवण्यात निम्मा वाटा खुद्द भैयाजीचाच होता, ही गोष्ट वेगळी. पत्रा कापायचा, झरोके पाडायचे, जाळीत गवत ठासून भरायचं, पंप बसवायचा. पंचवीस वर्षं हाच उद्योग. बाहेर सेहेचाळीस डिग्री असताना खोलीत सव्वीस आणून दाखवीन, नाहीतर मिशी उतरवीन, असं तो गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा. मिशी अजून जाग्यावर होती. पण त्या सव्वीस डिग्रीनंच एक दिवस त्याच्या तोंडचं पाणी पळवलं.

त्याच्या घरात एक सरडा होता. साधासुधा कुंपणावरचा नव्हे. परदेशी जातीचा, हातभर लांब, गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी असलेला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला. फॅक्टरीच्या कॉलनीतल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं तो नवाबच्या दुकानात सोडला. नवाब म्हणजे बाजारात काचेच्या टाक्यांतले रंगीत मासे विकणारा, भैयाजीचा जुना दोस्त. तिथून तो भैयाजीच्या एकुलत्या एका पोरीनं, दिव्यानीनं, घरी आणला. वनखात्यात नोंदणीचा कागदही तिनंच धावपळ करून मिळवला, कारण गल्लीतले लोक घोरपड पाळली म्हणून बोंब मारायला लागले होते. समोर कोणी आलं की हा प्राणी पुढचा एक पाय सावकाश वर उचलायचा, जणू आशीर्वादच देतोय. दाढी आणि आशीर्वाद दोन्ही असल्यावर दुसरं नाव कोणाला सुचणार? त्याचा बुवा झाला.

दिव्यानी गडचिरोलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. होस्टेलात बुवाला परवानगी नव्हती. जानेवारीत जाताना तिनं बुवाच्या काचेच्या पेटीवर स्वच्छ मराठीत लिहिलेला कागद चिकटवला. रोज दहा तास शंभराचा बल्ब. बल्बखालची फरशी चाळीस डिग्री, दुसरी बाजू थंड. शेवग्याचा पाला, लाल भोपळा रोज. अळ्या आठवड्यातून दोनदा, त्याही मोजून. दोन-तीन दिवसांत शी झालीच पाहिजे.

"बाबा, आपली चूल पोटात राह्यते, त्याची बाहेर हाय," ती निघताना म्हणाली होती. "ऊब नाई भेटली तर खाल्लेलं पोटातच सडते. बल्ब विसरू नोका."

भैयाजीनं मान डोलावली आणि तीन महिने कागदाबरहुकूम सगळं केलं. बुवा मजेत होता. मग एप्रिल संपत आला आणि चंद्रपूर जिल्ह्यात जे व्हायचं ते सुरू झालं. नळाचं पाणी दुपारी हात भाजू लागलं, गल्लीत बारानंतर कुत्रंही दिसेना. अशा दिवसांत एका दुपारी भैयाजी घरी आला आणि बुवाच्या डोक्यावर शंभराचा बल्ब जळताना पाहून त्याचा जीव कळवळला. पोरीनं कागद जानेवारीत लिहिला, थंडीचा; आता मे येतोय, हे तिच्या ध्यानात कसं येणार? त्यानं बल्ब काढून फळीवर ठेवला.

एवढ्यावर थांबला असता तरी बरं होतं. पण तो कूलरवाला. त्यानं बिस्किटाच्या डब्याएवढा कूलर बनवला. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, बोटभर जाडीची गवताची जाळी, छोटा पंप. पेटीत वायरचं थर्मामीटर लावलं. रात्रंदिवस सव्वीस! गल्ली पाहायला लोटली. "भैयाजी, आमच्यापेक्षा तुमचा सरडाच नशीबवान," असं लोक म्हणाले तेव्हा त्याला मिशी पिळावी की हसावं कळेना. उन्हाळ्यात अंगात ताकद राहावी म्हणून तो रोज मूठभर अळ्याही घालू लागला. "एवढ्या कायले?" असं बायको, गुणाबाई, म्हणाली, तर उन्हाळ्यात जीव सुकते, असं तिलाच ऐकवलं.

चार दिवस बुवानं खाल्लं. मग खाणं सोडलं. मग डोळे मिटून कोपऱ्यात पडून राहू लागला. शी थांबली. भैयाजीला वाटलं, ऊन बाधलं. त्यानं पंखा वाढवला आणि अंगावर गार पाण्याचे शिंतोडे मारले. जितका बुवा मलूल व्हायचा तितका हा त्याला थंड करायचा. रोज संध्याकाळी गडचिरोलीहून फोन यायचा, "बाबा, शी झाली का?" आणि भैयाजी म्हणायचा, "झाली ना, तू अभ्यास कर." तिची वार्षिक परीक्षा चालू होती. आज नाही तर उद्या होईलच, मग खोटं कुठे उरणार, असा त्याचा हिशेब. उद्या उजाडत राहिला आणि बुवाचं पोट फुगत राहिलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता भैयाजीनं पेटी उघडली. बुवाची दाढी काळीठिक्कर पडली होती. तो पुढच्या दोन पायांवर सरकत होता, आणि मागचे दोन्ही पाय चिंधीसारखे फरफटत मागे येत होते.

"आज जर पोरीले सांगतलं नाई, तर मी सांगतो," गुणाबाई म्हणाली. "शी बंद होऊन सतरा दिवस झाले तुमच्याच मोजणीनं. मेला म्हंजे काय सांगान तिले? सासरी गेला?"

"आज तिचं शेवटचं प्रॅक्टिकल हाय वो. अकरा वाजता. ते होऊन जाऊ दे."

"तवरक हा राह्यते का?"

आठ वाजता भैयाजीनं स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे दिव्यानी पांढऱ्या गणवेशात, केस बांधून, वही हातात घेऊन बसलेली. मोबाइल पेटीकडे वळवला, फरफटणारे पाय दिसले आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, दाढी काळी काऊन? पोटाखाली हात लावा. कडक लागते?"

"थोडंसं."

"शी कधी झाली होती?"

गुणाबाई दारात उभी होती. समोर पोरीच्या हातात वही, अंगावर इस्त्रीचा गणवेश. तीन वर्षांचा कोर्स, त्यातलं हे दुसरं वर्ष. भैयाजीला वाटलं, सतरा म्हटलं तर ही परीक्षेत बसेल पण हिचे हात थरथरतील.

"चार दिवस झाले," तो म्हणाला.

दिव्यानीनं विचारलं, "पेटीत डिग्री किती हाय?"

"सव्वीस!" हे मात्र भैयाजीच्या तोंडून सवयीनं, जरा अभिमानानंच निघालं.

"अन् बल्ब कुठी हाय, बाबा?"

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऊन नव्हतं बाधलं. चूल बाहेर असलेल्या जिवाची चूल त्यानं पाणी ओतून विझवली होती, आणि वरून रोज मूठमूठ दाणापाणी कोंबत होता. पंचवीस वर्षांचं कसब घेऊन त्यानं एक जीव थंड करत करत मरणाच्या दारात नेऊन ठेवला होता. त्यानं नुसता मोबाइल बल्बच्या फळीकडे वळवला.

"कूलर बंद करा. बल्ब लावा. कोमट पाण्यात बसवा, छातीपर्यंतच, नाकात जाऊ देऊ नोका," दिव्यानीचा आवाज बदलला होता, सपाट झाला होता. "पोटावरून शेपटीकडे बोट फिरवा, हलकं. तोंडात तेलगिल काही ओतू नोका." आणि तिनं फोन ठेवला. दहा वाजता परीक्षेला बसणाऱ्या पोरींचे मोबाइल जमा होतात, हे भैयाजीला ठाऊक होतं.

त्यानं धावत जाऊन बल्ब लावला, बटण दाबलं. दहा मिनिटं फरशी तापली. मग बल्ब विझला, छताचा पंखा थांबला, सगळ्या गल्लीतून एकदम हुश्श असा आवाज आला. लाइन गेली होती. गुणाबाईनं बाहेर जाऊन विचारलं. तारांचं काम चालू आहे, तीनच्या आधी येणार नाही, असं कळलं.

या धावपळीत साडेनऊ वाजले. अजून अर्धा तास पोरीचा फोन लागण्यासारखा होता. भैयाजीनं नंबर काढला, अंगठा नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. घंटी एकदा वाजली आणि त्यानं कापला. गुणाबाई हे पाहत होती. मग त्यानं नवाबला फोन केला.

नवाब दुकान उघडं टाकून स्कूटरवर आला. बुवाला उचलून पोट चाचपलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "भैयाजी, मासा असता तर मी सांगतलं असतं. नागपूरले एक डॉक्टर आहे, हेच जनावरं पाह्यते. थांब." त्यानं फोन लावून स्पीकर चालू केला. डॉक्टरनं पहिलाच प्रश्न केला, "किती दिवसांपासून शी नाही?"

नवाबनं मोबाइल भैयाजीपुढे धरला. अनोळखी माणसापुढे खरं बोलायला किती सोपं जातं!

"सतरा, साहेब."

पलीकडे डॉक्टरनं मोठा श्वास घेतला. त्यानं सांगितलं ते असं: आधी ऊब, चाळीस डिग्री. त्याच्यावर चढू द्यायचं नाही, पस्तीसच्या खाली येऊ द्यायचं नाही. अर्ध्या तासानं कोमट पाणी, मालिश, परत ऊब. तीन वाजेपर्यंत मोकळं झालं नाही तर नागपूरला आणा. पोट चिरावं लागेल आणि एवढ्या अशक्त जिवाला भूल सोसेल की नाही ते सांगता येत नाही.

लाइन नाही, बल्ब नाही. ऊब म्हणाल तर अंगणात सूर्य आग ओकत होता, पण ती ऊब नव्हे, भट्टी होती. भैयाजीनं थर्मामीटरची वायर अंगणातल्या पत्र्यावर टेकवली. आकडा अठ्ठावनवर जाऊन थांबला. तिथे बुवाला ठेवला असता तर दहा मिनिटांत भाजून निघाला असता. सावलीत एकोणचाळीस, पण वाहत्या गरम वाऱ्यात फरशी तापत नव्हती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत बसायला वेळ नव्हता. त्याला हवे होते बरोबर चाळीस, ना एक जास्त, ना पाच कमी. आणि एवढं एक काम त्याला येत होतं. फक्त आजवर त्यानं ते उलट्या बाजूनं केलं होतं.

त्यानं आपल्या दुकानातून एका अर्धवट कूलरचा पत्र्याचा खोका ओढून आणला. तिन्ही बाजूंना झरोक्यांची झाकणं, काढता-घालता येणारी. आत एका टोकाला काळी फरशी, दुसऱ्या टोकाला ओलं पोतं. वर निम्म्या भागावर जाड गोधडी. खोका निम्मा उन्हात, निम्मा लिंबाच्या सावलीत. फरशीवर सुती कापड, कापडावर बुवा, बुवाच्या पोटाशी थर्मामीटरची वायर. आकडा चढू लागला. चौतीस. सदतीस. चाळीस होताच त्यानं एक झाकण काढलं. एकोणचाळीस. झाकण अर्धं लावलं. चाळीस.

तो तिथेच उन्हात उकिडवा बसला, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून. सूर्य सरकला की खोका वीतभर सरकवायचा. गुणाबाई घमेल्यात कोमट पाणी आणायची, मनगटावर थेंब टाकून पाहायची, लेकराला आंघोळ घालताना पाहतात तसं. मग भैयाजी बुवाला पाण्यात धरायचा आणि अंगठ्यानं पोटावरून खाली, सावकाश, खाली. पोटात मधोमध लिंबाएवढा टणक गोळा हाताला लागत होता. बुवा डोळे उघडत नव्हता.

अकरा वाजले. "आता आत गेली असंल," गुणाबाई म्हणाली. बारा वाजले, साडेबारा झाले. तिसऱ्यांदा पाणी, तिसऱ्यांदा मालिश. गोळा होता तिथेच. फाटकाबाहेर कोणाशी तरी फोनवर बोलून आलेल्या नवाबनं भिंतीला टेकून घड्याळ पाहिलं आणि नागपूरसाठी गाडी सांगून ठेवू का, असं हळूच विचारलं. भैयाजीनं बुवाला पुन्हा कापडावर ठेवलं.

एक वाजता घात होता होता राहिला. घरात भैयाजीचा मोबाइल वाजला. पोरीचा असेल म्हणून तो धडपडत आत गेला; कोणी गिऱ्हाईक होतं, पंप पाणी फेकत नाही म्हणत होतं. त्याला दोन शब्द सांगून परत येईपर्यंत वाऱ्याच्या झोतानं गोधडी घसरली होती. आकडा एक्कावन्न. बुवानं तोंड वासलं होतं, छाती भात्यासारखी हलत होती, आणि ज्या पायांनी थंड बाजूला पळायचं ते पाय मागे निर्जीव पडलेले. भैयाजीनं उघड्या हातानं पत्रा ढकलला, तळवा चर्र झाला, आणि बुवाला छातीशी धरून तो सावलीत बसला. "नवाब, पाणी आण! गार नाई, साधं!" त्याचा आवाज फाटला. ओलं फडकं त्यानं बुवाच्या डोक्यावर धरलं. मिनिट गेलं, दोन गेली. तोंड मिटलं. श्वास जरा संथ झाला.

तेव्हा भैयाजी रडला. मोठा माणूस, दोस्तासमोर, बायकोसमोर, अंगणात बसून हुंदके देऊन रडला. "माह्याच हातानं मारून राह्यलो मी याले. कधी थंडा करून, कधी भाजून."

"रडा मंग," गुणाबाई म्हणाली, "पण खोका सरकवा आधी. ऊन तिकडं गेलं."

त्यानं खोका सरकवला. गोधडीवर विटा ठेवल्या. चाळीस. आता तो आकड्यावरून नजरच हलवत नव्हता. पावणेदोनला चौथ्यांदा पाणी. अंगठा पोटावरून खाली नेताना त्याला वाटलं, गोळा सरकला. त्यानं श्वास रोखला. पुन्हा अंगठा फिरवला. गोळा नक्की सरकला होता, दोन बोटं खाली. बुवानं शेपटी ताठ केली, पाठ कमानीसारखी वर केली, आणि घमेल्यात असा काही घमघमाट सुटला की नवाब नाक धरून फाटकापर्यंत गेला. काळा, दगडासारखा, अळ्यांच्या न पचलेल्या सालींचा गोळा. आणि त्याच्या मागून बरंच काही.

"झाली!" भैयाजी ओरडला. "गुणा, झाली! नवाब, झाली रे!" लग्नघरात वरात आल्यासारखा आवाज होता तो. शेजारच्या दोन बायका भिंतीवरून डोकावल्या आणि कशाचा आनंद आहे ते कळताच खाली बसल्या.

ते घमेलं हातात धरून तो वळला आणि जागीच थांबला. फाटकात दिव्यानी उभी होती. पाठीवर पिशवी, अंगावर सकाळचाच पांढरा गणवेश, घामानं चुरगळलेला. गडचिरोलीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून भद्रावती. दहाच्या आतली बस धरल्याशिवाय ती या वेळेला इथे येणं शक्यच नव्हतं. परीक्षा अकराची होती.

ती सरळ आली, बुवाला हातात घेतलं, पोट पाहिलं, मागच्या पायाच्या बोटाला चिमटा घेतला. पाय हलला, अगदी थोडा. मग ती खाली बसली.

"बेटा, प्रॅक्टिकल?" भैयाजीनं विचारलं.

"नाई देलं. हिवाळ्यात पुन्हा बसता येते. सहा महिने जातीन."

"अवं माय!" गुणाबाई मटकन बसली.

"मी तर तुह्या परीक्षेसाठीच..." भैयाजी घमेलं तसंच धरून म्हणाला.

"माईत हाय मले. तुमी सतरा म्हणाले असते ना, तर मी नवाबकाकाले अन् डॉक्टरले फोन लावून देला असता अन् प्रॅक्टिकल देऊन आली असती. चार म्हणाले म्हणून यावं लागलं. चार दिवसात कोणाचे पाय जात नाई, बाबा." तिनं बुवाला मांडीवर घेतलं. "वॉर्डात नातेवाईक चार दिवस म्हणाले का आमच्या सिस्टर पंधरा लिवतात. माह्या बापाच्या नावापुढं बी मले तसंच लिवा लागलं आज, बसमध्ये बसून. त्याचा राग हाय मले. परीक्षेचा नाई."

नवाबनं घमेलं भैयाजीच्या हातातून काढून घेतलं आणि तो न सांगता नळाकडे गेला.

दिव्यानीनं गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले, पिशवीतून वही काढली. उद्या नागपूरला न्यावं लागेल, पोटात आणखी काही अडकलंय का ते पाहावं लागेल, म्हणाली. डॉक्टरसाठी सगळं लिहून न्यायचं होतं. बुवाचं वय, वजन, बल्ब कधी काढला, अळ्या किती घातल्या. भैयाजी एकेक सांगत गेला आणि ती लिहीत गेली.

"शी बंद होऊन किती दिवस लिवू? काकानं वाटेत फोनवर सतरा सांगतलं."

भैयाजीनं भाजलेल्या तळव्याकडे पाहिलं. गुणाबाई मान हलवत होती, सतराच, सतराच.

"वीस," तो म्हणाला. "तुह्या मायले बी सतराच माईत हाय. पहिले तीन दिवस कोपऱ्यात वाळका पाला पडला होता, तो पाहून मीच मनाले समजावलं का झाली म्हणून."

दिव्यानीनं वर पाहिलं नाही. तिनं वीस लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.